स्तनाच्या कर्करोगाच्या नव्या गोळ्या सुरू होताना रुग्णाच्या हातात पहिले पान कोणते द्यावे?

निवृत्त बाई (धागाकर्ती):

नमस्कार. मी नाशिकमध्ये एकतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले, त्यामुळे सदोष छापील मजकूर दिसला की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. हा धागा मात्र शुद्धलेखनाच्या तक्रारीसाठी काढलेला नाही.

माझ्या मोठ्या जाऊबाई निफाड तालुक्यात राहतात. त्यांचे वय चौसष्ट आहे आणि घरची द्राक्षबाग आहे. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन, किमो आणि रेडिएशन असे सगळे उपचार झाले होते. गेल्या वर्षी कंबर फार दुखते म्हणून तपासण्या केल्या, तेव्हा आजार हाडांत पुन्हा उद्भवल्याचे कळले. अहवालात हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह आणि हर-टू (पेशींवरचे एक प्रथिन) निगेटिव्ह असे आल्यामुळे डॉक्टरांनी या वेळी किमो न देता लेट्रोझोलची रोजची गोळी आणि तिच्या जोडीला पाल्बोसायक्लिब हे औषध सुरू केले. पाल्बोसायक्लिब दिवसातून एकदा याप्रमाणे २१ दिवस घ्यायचे, ७ दिवस थांबायचे आणि पुन्हा सुरू करायचे असते. डॉक्टरांनी हे सगळे शांतपणे सांगितले होते, यात शंका नाही. पण ते सांगणे दवाखान्यातच राहिले आणि घरी आले ते दोन कागद. एक म्हणजे खोक्यात घडी घालून ठेवलेले इंग्रजी माहितीपत्रक, जे उलगडले तर ताटाखाली अंथरता येईल आणि वाचायचे तर भिंग लागेल. दुसरा म्हणजे मराठीत भाषांतर केलेल्या एका पानाची झेरॉक्स.

त्या झेरॉक्सवर सातव्या ओळीत लिहिले होते: ‘उपचारकाळात द्राक्षफळ व त्याचा रस कटाक्षाने वर्ज्य करावा.’

फेब्रुवारी महिना होता आणि बागेत काढणी चालू होती. जाऊबाईंनी त्या दिवसापासून द्राक्षाचा मणी तोंडात टाकला नाही, खिरीतले मनुके काढून टाकले, आणि काही दिवसांनी बागेत जाणेच सोडले. दर वर्षी मजूर बायकांच्या बरोबरीने घड निवडणारी ही बाई ओट्यावर बसून राहू लागली. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला हळूच विचारले, ‘चाळीस वर्षं हीच खाल्ली ना गं, त्यानंच झालं असंल का हे?’

पुढच्या तपासणीला मी सोबत गेले आणि डॉक्टरांना तो कागद दाखवला. मूळ शब्द ‘ग्रेपफ्रूट’ असा होता. ते लिंबू-संत्र्याच्या कुळातील फळ आहे, आपल्याकडच्या पपनसाचे जवळचे भावंड, आणि द्राक्षाशी त्याचा काही संबंध नाही. शरीरातील ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) हे औषध मोडले जाते, त्याला ग्रेपफ्रूट अडवते आणि रक्तातील औषधाचे प्रमाण वाढू शकते, एवढाच मुद्दा होता. डॉक्टरांनी पपनसही टाळायला सांगितले आणि द्राक्षे खुशाल खा म्हणाले. दोन वाक्यांत प्रश्न मिटला, पण तोवर काढणी संपली होती.

दुसरी चूक त्याहून गंभीर निघाली. त्याच पानावर ‘२१ दिवसांनंतर ७ दिवस औषधविराम’ असे लिहिले होते. जाऊबाईंनी त्या आठवड्यात दोन्ही औषधे बंद ठेवली. लेट्रोझोल रोज चालूच ठेवायचे असते, हे त्या पानावर कुठेही नव्हते.

यानंतर आम्ही चौघींनी मिळून मराठीत एक पुस्तिका तयार करायला घेतली आहे. एक तज्ज्ञ डॉक्टर मजकूर तपासून देणार आहेत. अडचण अशी की मसुदा बत्तीस पानांचा झाला असून तो ‘पेशी म्हणजे काय’ येथून सुरू होतो, आणि गोळी कशी घ्यावी हे एकोणिसाव्या पानावर येते. माझ्यातली शिक्षिका जागी झाली, दुसरे काय! ज्यांनी हे उपचार घेतले आहेत, दिले आहेत किंवा घरात पाहिले आहेत, त्यांनी कृपया सांगावे की पहिल्या पानावर काय असले पाहिजे.

वॉर्डातली ताई:

बाई, मी किमोच्या डे-केअरमध्ये एकोणीस वर्षे परिचारिका होते. माझे उत्तर एका शब्दाचे आहे: ताप.

किमो असो वा तुमच्या जाऊबाईंच्या गोळ्या असोत, पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना आलेला ताप हा साधा ताप नसतो. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर रात्र असो, रविवार असो, दिवाळी असो, त्याच वेळी फोन करायचा आणि सांगतील तसे निघायचे. पेठकडून येणाऱ्या एका बाईंना शनिवारी संध्याकाळी ताप आला, घरच्यांनी तापाची गोळी दिली, ताप उतरला, पुन्हा चढला, पुन्हा गोळी दिली, आणि सोमवारी ओपीडीच्या वेळेला त्या आल्या तेव्हा त्यांना स्वतःच्या पायांवर उभे राहता येत नव्हते. त्या वाचल्या, पण नऊ दिवस आयसीयूत होत्या. त्यांच्या फाइलमध्ये माहितीपत्रक होते, आणि तापाची सूचना त्याच्या चौथ्या पानावर ‘संसर्गाचा संभाव्य धोका’ या मथळ्याखाली होती.

केवळ आकडा छापून भागणार नाही, हेही ध्यानात घ्या. ‘ताप आहे का?’ असे विचारले तर बायका सांगतात, ‘नाही, नुसती कणकण आहे.’ म्हणून ‘कणकण वाटली, थंडी वाजली की थर्मामीटर लावा’ असेच लिहा. थर्मामीटर घरात आहे का, आणि तो वाचता येतो का, हे औषध सुरू होण्याच्या दिवशी विचारून घ्यावे. पाऱ्याचा थर्मामीटर उजेडात फिरवून पारा शोधणे अनेकांना जमत नाही. त्यापेक्षा आकडे दाखवणारा बरा.

आणखी एक सांगते. ‘समजलं ना?’ असे विचारले की सगळ्या माना डोलावतात. आम्ही नंतर विचारायला लागलो, ‘आता घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल, ते मला सांगून दाखवा.’ तेव्हा कळायचे की आपण काय सांगितले आणि त्यांनी काय ऐकले. तुमच्या पुस्तिकेत परिचारिकांसाठी म्हणून एवढी एक ओळ टाकता आली तर जरूर टाका.

औषधाचे दुकान:

माझे नाशिकरोडला औषधांचे दुकान आहे. बाईंनी लिहिलेली दुसरी चूक मी काउंटरवर निदान चार वेळा पाहिली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पाल्बोसायक्लिबच्या मूळ कंपनीचे भारतातील पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपले आणि त्यानंतर अनेक भारतीय कंपन्यांनी हे औषध बाजारात आणले. किंमत बरीच उतरली, ही मोठीच सोय झाली. त्याबरोबर एक घोळही आला. या महिन्यात एका कंपनीचे आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीचे औषध मिळाले, तर रंग, आकार आणि खोके सगळे बदलते. रुग्णाला वाटते की औषधच बदलले. पुस्तिकेत स्पष्ट लिहावे की ओळख रंगावरून पटवू नये; औषधाचे नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा चिठ्ठीशी जुळवून पाहावा आणि शंका आल्यास पट्टी न फाडता विचारावे. हे औषध कॅप्सूलच्या रूपातही येते आणि गोळीच्या रूपातही. कॅप्सूल जेवणासोबतच घ्यायची असते, गोळी मात्र जेवणाआधी किंवा नंतर, कशीही चालते. चतुर्थी-एकादशीला पोटात काही नसताना कॅप्सूल घेणाऱ्या बायका आहेत, म्हणून ‘उपवास असेल तर फराळासोबत घ्या’ असे लिहिलेत तर उपयोग होईल.

चुकलेल्या डोसाबद्दलही लिहा. एखाद्या दिवशी विसरले किंवा घेतल्यावर उलटी झाली, तर त्या दिवशी दुसरी घ्यायची नाही आणि दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. नेहमीच्या वेळी एकच घ्यायची.

हे औषध १२५, १०० आणि ७५ मिलिग्रॅम अशा तीन प्रमाणांत येते. रक्ततपासणीत पेशी कमी दिसल्या तर डॉक्टर एखादा आठवडा थांबवतात किंवा १२५ वरून १०० वर आणतात. घरी मात्र त्याचा अर्थ ‘आता औषध लागू पडत नाही’ असा लावला जातो. मागे एक गृहस्थ बायकोसाठी १०० ची पट्टी नेताना काउंटरवरच रडले होते. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि डॉक्टरांना फोन लावून दिला. प्रमाण कमी करणे हा उपचाराचाच ठरलेला भाग आहे, हे एक वाक्य आधीच कागदावर असते तर ती वेळ आली नसती.

आकडेमोड:

वरील मुद्द्याला आधार म्हणून दोन आकडे देतो. पाल्बोसायक्लिब आणि लेट्रोझोल एकत्र देऊन पाहणारी पालोमा-२ ही चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ६६६ स्त्रिया होत्या. आजार न वाढता गेलेला मध्यक काळ (निम्म्या जणींचा याहून जास्त, निम्म्यांचा कमी) या जोडीमुळे २४.८ महिने आणि नुसत्या लेट्रोझोलने १४.५ महिने असा आला. याच चाचणीत नवे औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ६६ टक्के जणींच्या पांढऱ्या पेशी बऱ्याच खाली गेल्या, पण त्यासोबत ताप येण्याचे प्रमाण २ टक्क्यांच्या आत राहिले. म्हणजे अहवालात पेशी कमी दिसणे हे नेहमीचेच आहे, आणि पेशी कमी असताना ताप येणे हे क्वचित घडणारे पण तातडीचे आहे. पुस्तिकेने हा फरक जपला नाही, तर लोक पहिल्याला घाबरतील आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतील.

म्हणूनच पहिल्या दोन आवर्तनांत (२८ दिवसांचे एक आवर्तन) पहिल्या आणि पंधराव्या दिवशी रक्त तपासतात. तो पंधरावा दिवस बहुतेकांकडून चुकतो, कारण तेव्हा काहीच दुखत नसते.

महिन्यांचे आकडे मात्र रुग्णाच्या पानावर छापू नयेत, असे माझे मत आहे. २४.८ हा आकडा वाचून कोणीही त्यात स्वतःची तारीख मोजू लागेल.

कसमादेकर:

बाई, तुमचा धागा वाचून राहवले नाही. माझी आई बागलाणची. बोलणे अहिराणी, शिक्षण चौथीपर्यंत. तिला रायबोसायक्लिब हे पाल्बोसायक्लिबच्याच गटातील औषध सुरू आहे. त्यातही २१ दिवस आणि ७ दिवस असाच क्रम आहे, फक्त रोज तीन गोळ्या एकदम घ्यायच्या आणि सुरुवातीला हृदयाचा ईसीजी ठरलेल्या दिवशी काढायचा. तुमच्या द्राक्षांसारखीच आमची डाळिंबे. या औषधाच्या सुरुवातीच्या माहितीपत्रकात ग्रेपफ्रूटबरोबर डाळिंबही टाळावे असे छापलेले होते. आमच्या घरात डाळिंबाशिवाय दिवस जात नाही, आणि अशक्त माणसाला तर सगळे तेच आणून देतात. आम्ही डॉक्टरांना विचारले आणि त्यांनी बंद करायला सांगितले, म्हणून ते बंद केले. म्हणजे इथे फळाचे नाव अचूक होते, पण घरात ते कोणी वाचलेच नव्हते.

वाचले नव्हते, याचे कारण मीच आहे, हे कबूल करतो. आईला आम्ही ‘साधी गाठ आहे, गोळ्यांनी विरघळेल’ एवढेच सांगितले आहे. दवाखान्यातून मिळालेल्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर ‘पसरलेल्या कर्करोगावरील उपचार’ असे मोठ्या अक्षरांत होते. मी ते पान गाडीतच फाडले आणि घरी पोहोचेपर्यंत उरलेलीही कपाटात ठेवायचे ठरवले. तेव्हा माझी विनंती आहे की पहिल्या पानावर आजाराचे नाव नसावे.

शेवंती:

मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, सिडकोत राहते, आणि माझे पाल्बोसायक्लिबचे चौदावे आवर्तन चालू आहे. कसमादेकर, तुमच्या मायेबद्दल मला शंका नाही, तरीही लिहिते. माझ्या पोटात जाणाऱ्या औषधाची माहिती माझ्या मुलाच्या कपाटात असेल, तर माझ्या अंगात काय होते आहे हे मी कोणाला आणि कशाच्या आधारावर सांगू? वर ताईंनी लिहिलेली तापाची गोष्ट पुन्हा वाचा. जिला ‘साधी गाठ’ आहे असे वाटते, ती बाई रात्री दोन वाजता कणकण आली म्हणून तुम्हाला उठवणार नाही. ती पांघरूण घेऊन झोपेल.

आता पहिल्या पानाबद्दल. माझ्या भिंतीवर कालनिर्णय आहे आणि त्याच्या चौकोनांत मी वर्षानुवर्षे दुधाचे लिटर लिहीत आले आहे. त्याच चौकोनांत मी गोळी घेतली की लाल टिंब देते आणि लेट्रोझोल घेतली की निळे. विश्रांतीच्या आठवड्यात फक्त निळी टिंबे दिसतात. २१ आणि ७ मिळून २८, म्हणजे बरोबर चार आठवडे होतात, त्यामुळे पहिली गोळी सोमवारी घेतली असेल तर डॉक्टरांनी मध्ये थांबवेपर्यंत प्रत्येक आवर्तन सोमवारीच सुरू होते. हे मला कोणी सांगितले नव्हते. तिसऱ्या महिन्यात कॅलेंडरकडे बघता बघता माझे मलाच कळले, आणि तोवर मी बोटांवर दिवस मोजत होते.

मला जे जाणून घ्यायचे होते, ते कोणत्याच पुस्तिकेत नव्हते. केस किमोसारखे सगळे जातील का? माझे गेले नाहीत, पातळ झाले. अंगातून एकदम गरम वाफा निघतात, त्या या गोळीने की त्या गोळीने? सकाळी उठल्यावर बोटे आखडतात आणि पोळ्या लाटता येत नाहीत, ते हाडांतल्या आजारामुळे की लेट्रोझोलमुळे? या एका प्रश्नावर मी पंधरा रात्री जागले. डॉक्टर म्हणाले की लेट्रोझोलने सांधे आखडतात, ते अनेकींना होते, आणि थोडी हालचाल केली की सैल पडतात. आणि अगदी नाशिकचा प्रश्न: २०२७ च्या सिंहस्थासाठी पाहुण्यांचे आत्तापासून फोन येत आहेत. पेशी खाली असताना त्या गर्दीत जावे का, घरात दहा माणसे उतरवावीत का, हे परदेशी पत्रकात कुठून सापडणार?

मुद्रितशोधक:

भाषेपुरते लिहितो. बाईंनी दिलेल्या झेरॉक्सची आणखी वाक्ये पाहायला आवडतील, कारण माझ्याकडेही असाच एक नमुना आहे. त्यात ‘मौखिक श्लेष्मल आवरणाचा दाह’ असे छापले आहे. मराठी माणसाचे तोंड येते. ‘तोंड आले, जेवताना झोंबू लागले तर कळवा’ एवढे लिहिले की झाले. तसेच ‘परिधीय चेतादौर्बल्य’ म्हणजे हातापायांना मुंग्या येणे, आणि ‘श्वसनकष्ट’ म्हणजे चार पायऱ्या चढताना धाप लागणे. शासकीय परिभाषेचा मला आदर आहे, पण परिभाषा ही जाणकारांनी आपापसांत बोलण्यासाठी असते.

याउलट जे इंग्रजी शब्द रुग्णांच्या तोंडी बसले आहेत, त्यांना हात लावू नये. किमो, सलाईन, रिपोर्ट, स्कॅन हे तसेच ठेवावेत. दोन शब्दांना मात्र समजावणीची जोड हवी. ‘पॉझिटिव्ह’ हा त्यांतला एक. कोरोनानंतर पॉझिटिव्ह म्हणजे लागण, असे लोकांच्या मनात पक्के बसले आहे. हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह म्हणजे त्या गाठीला शरीरातील हार्मोनची चिथावणी मिळते आणि म्हणून ती चिथावणी तोडणारी गोळी चालू शकते, असा अर्थ आहे, आणि उपचाराच्या दृष्टीने ती सोयीची बाब आहे. दुसरा शब्द ‘हार्मोन थेरपी’. या नावामुळे बायकांना वाटते की आपल्याला हार्मोन देत आहेत. प्रत्यक्षात लेट्रोझोल शरीरातील इस्ट्रोजेन कमी करते. ‘हार्मोन रोखणारी गोळी’ असे लिहावे.

आकड्यांचेही जपावे. पट्टीवर इंग्रजी अंक असतात आणि पुस्तिकेत देवनागरी. आपला १ घाईत इंग्रजी नऊसारखा वाचला जातो. म्हणून जिथे मिलिग्रॅम येतात, तिथे पट्टीचे छायाचित्रच छापावे.

नाशिकमध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. शिक्षक समोर नसताना विद्यार्थ्याने स्वतः वाचून शिकावे, अशी पुस्तके करणे हेच त्याचे काम. त्या पुस्तकांची रीत पाहा: आधी काय करायचे ते, मग का करायचे ते, आणि लगेच एक छोटा प्रश्न. तुमच्या बत्तीस पानांना हीच रीत लावली, तर ‘पेशी म्हणजे काय’ हा भाग आपोआप मागे जाईल. आणि कृपया छापण्याआधी सगळे मोठ्याने वाचून घ्या. वाचणारा जिथे अडखळेल, तिथे चूक लेखकाची समजावी.

गंगापूररोडकर:

एवढा खटाटोप कशाला? तीन मिनिटांचा व्हिडिओ करा आणि व्हॉट्सअॅपवर पाठवा. आजकाल कागद वाचतो कोण?

वॉर्डातली ताई:

व्हिडिओ जरूर करा. कसमादेकरांच्या आईंसाठी तर अहिराणीत केलेला व्हिडिओच उपयोगी पडेल, आणि सुरगाण्याकडच्या बायकांसाठी कोकणा बोलीत. पण ताप रात्री येतो, फोन मुलाच्या उशाशी असतो, मुलगा रात्रपाळीला गेलेला असतो, आणि व्हिडिओ चारशे सुप्रभातांच्या खाली दबलेला असतो. फ्रिजवर किंवा देवघराच्या दाराशी चिकटवलेला कागद जागचा हलत नाही.

आणखी एक आठवले. पुस्तिका फक्त गोळ्यांपुरती ठेवणार असाल तर ठीक, पण पुढेमागे किमोचे पान केलेत, तर लाल औषधाबद्दल विसरू नका. डॉक्सोरुबिसिन लाल रंगाचे असते आणि त्यानंतर एक-दोन दिवस लघवी तांबूस होते. हे आधी न सांगितल्यामुळे ‘रक्त जातंय’ म्हणून रात्री रिक्षा करून आलेली माणसे मी पाहिली आहेत. तसेच पेशी वाढवण्याची इंजेक्शने घरी न्यायला देतात, ती थंड ठेवायची असतात पण गोठू द्यायची नसतात. एसटीतून नेताना ती थेट बर्फात खुपसली जातात. रुमालात गुंडाळून, बर्फाला टेकणार नाहीत अशी ठेवावीत.

कसमादेकर:

शेवंतीताई, तुमचे उत्तर वाचून मी दोन दिवस इकडे फिरकलो नाही. रविवारी गावी गेलो आणि आईसमोर बसून तिला पुस्तिका वाचून दाखवली, अहिराणीत सांगत सांगत, पहिले पान सोडून. ती ऐकत होती. शेवटी तिने विचारले, ‘पहिलं पान कुठं शे?’ मी खरे ते सांगितले. तिने पुढे काही विचारले नाही. संध्याकाळी मात्र स्वतःहून हाताला हात लावून बघायला सांगितले, ‘गरम लागतंय का बघ.’ गरम नव्हते.

पहिल्या पानावर आजाराचे नाव नसावे, ही विनंती मी मागे घेतो. ‘पसरलेला’ हा शब्द मात्र तिथे नको. तो डॉक्टरांच्या तोंडून, माणूस समोर बसलेला असताना ऐकू यावा.

निवृत्त बाई (धागाकर्ती):

सर्वांचे मनापासून आभार. कसमादेकर, तुमचे म्हणणे मान्य आहे. ‘पसरलेला’ हा शब्द काढला आहे आणि ‘स्तनाच्या कर्करोगावरील औषध’ एवढेच ठेवले आहे.

बत्तीस पानांची बारा केली. पेशींचा धडा शेवटी गेला, आणि तोही मी जीव मुठीत धरून अर्ध्यावर आणला. खर्चाचा भाग एका परिच्छेदात बसवला: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी कोणती कागदपत्रे न्यावीत आणि योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र कुठे बसतात, एवढेच. पहिले पान वेगळे, जाड कागदावर, भिंतीला लावण्याजोगे केले आहे. त्यावरचा मजकूर डॉक्टरांनी तपासला असून तो असा आहे:

‘हे स्तनाच्या कर्करोगावरील औषध आहे. कणकण वाटली, थंडी वाजली, तर लगेच थर्मामीटर लावा. ताप १००.४ किंवा जास्त असेल तर वाट पाहू नका, तापाची गोळी घेऊन झोपू नका, खालच्या नंबरवर फोन करा. धाप लागली, तोंड येऊन जेवता येईना, जुलाब थांबेनात, तरी फोन करा.

लाल चौकोन: पाल्बोसायक्लिब, २१ दिवस, रोज एक, जेवणासोबत. मग ७ दिवस नाही. निळा चौकोन: लेट्रोझोल, रोज एक. ही कधीच थांबवायची नाही, डॉक्टर सांगेपर्यंत. पंधराव्या दिवशी काही त्रास नसला तरी रक्त तपासायला या.

पपनस आणि ग्रेपफ्रूट खाऊ नका. द्राक्षे चालतात. काढा, गुळवेल, कोणतेही दुसरे औषध घेण्याआधी विचारा.’

‘द्राक्षे चालतात’ हे वाक्य पुण्या-मुंबईच्या कोणाला विचित्र वाटेल. आम्ही ते ठेवले आहे.

मग मुद्रितशोधकांच्या सांगण्याप्रमाणे मी ते पान जाऊबाईंना मोठ्याने वाचायला दिले. त्या सावकाश, बोट ठेवून वाचत होत्या. ‘थर्मामीटर’वर अडखळल्या, पण शब्द ठेवा म्हणाल्या. ‘द्राक्षे चालतात’ येथे थांबून माझ्याकडे पाहिले आणि पुढे वाचू लागल्या. शेवटच्या ओळीपर्यंत आल्या आणि कागद उलटा करून पाहिला. म्हणाल्या, ‘खालच्या नंबरवर म्हणतेस, नंबर कुठाय?’

तिथे आम्ही नुसती रेघ ओढून ठेवली होती. रुग्णालयाने भरावी, अशी कल्पना होती. ती भरून घेण्यासाठी मला तीन खेपा घालाव्या लागल्या. पहिल्या खेपेला ओपीडीचा नंबर मिळाला, जो संध्याकाळी सहाला बंद होतो. दुसऱ्या खेपेला चौकशी खिडकीचा मिळाला. तिसऱ्या खेपेला वॉर्डातल्या सिस्टरांनी स्वतःच्या वहीतून रात्री ड्यूटीवर असणाऱ्या डॉक्टरांचा नंबर काढून दिला आणि तो छापायला वरिष्ठांची परवानगीही मिळवून दिली. घरी आल्यावर रात्री पावणेबाराला मी तो लावून पाहिला. पाचव्या घंटेला उचलला गेला. मी क्षमा मागितली, नंबर चालू आहे का ते पाहत होते असे सांगितले, आणि पान दुसऱ्या दिवशी छपाईला दिले.